काशीच्या गल्लीतला पाव आणा

काशीस जाणाऱ्या मराठी यात्रेकरूला तेथे परकेपणा फारसा जाणवत नाही. गंगेच्या काठाने दशाश्वमेधापासून उत्तरेकडे चालू लागावे, तो अहिल्याबाई घाट मागे पडतो, पुढे सिंधिया घाट लागतो, त्यापुढे भोसले घाट. आणि पंचगंगा ओलांडून दुर्गाघाट, ब्रह्माघाट गाठले की माथ्यावरच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या मराठी घराण्यांच्या खुणा दिसू लागतात. विश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी उभारले, हे तर सर्वश्रुतच आहे. तेव्हा तुम्ही काशीस गेलात, की गंगाजल, रुद्राक्ष, बनारसी शालू यांच्याबरोबर आणखी एखादी लहानशी, पण इतिहासाची साक्ष देणारी वस्तू घरी न्यावी असे तुमच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी बहुधा तुमची दृष्टी जुन्या नाण्यांकडे वळते.

देशातील बहुतेक मोठ्या तीर्थक्षेत्रांप्रमाणे काशीतही शंख, घंटा, पितळी समया आणि देवांच्या मूर्ती यांच्या शेजारी काळवंडलेल्या नाण्यांचा ढीग मांडलेला असतो. "कंपनी सरकार के ज़माने का है, बाबूजी," असे सांगत विक्रेता एक जाडजूड नाणे तुमच्या तळहातावर ठेवतो. त्यावर एका बाजूस राम, सीता, लक्ष्मण आणि चरणांशी मारुती असा रामदरबार असतो. दुसऱ्या बाजूस इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, अर्धा आणा अथवा एक आणा हे मूल्य आणि १८१८ हे साल. काही नाण्यांवर यू, के, एल अशी तीन अक्षरेही असतात. कधी रामदरबाराऐवजी एकटा मारुती, कधी लक्ष्मी, कधी ओंकार. कधी १८१८ ऐवजी १७१७ किंवा १६१६. किंमत प्रथम हजारांत सांगितली जाते आणि तुम्ही दोन पावले पुढे गेलात की ती शेकड्यावर येते.

वाचकहो, हे नाणे कंपनीचे नाही. किंबहुना ते नाणेच नाही. कोणत्याही टांकसाळीने ते चलन म्हणून पाडलेले नाही. देवघरात ठेवण्याची एक मुद्रा एवढेच त्याचे स्वरूप आहे, आणि तिच्यावरील सालाचा इतिहासाशी काही संबंध नाही. याचा पुरावा फार लांब शोधावा लागत नाही. १७१७ साली मोगल बादशहा फर्रुखसियर याच्याकडून कंपनीला मुंबईत मोगली धर्तीचा रुपया पाडण्याची मुभा मिळाली, आणि तो रुपया बादशहाच्या नावाने, फारसी लिपीत पाडला जात असे. १८१८ साली बंगाल, मुंबई आणि मद्रास या तिन्ही इलाख्यांची नाणी निरनिराळी होती. साऱ्या ब्रिटिश मुलखासाठी एकच धाटणीची नाणी निघाली ती १८३५ च्या कायद्याने. म्हणजे जे साल या मुद्रांवर मोठ्या ऐटीत कोरलेले असते, त्या साली तशा प्रकारचे नाणे निघणे शक्यच नव्हते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. नाण्यावर देवाची प्रतिमा आहे एवढ्यावरून ते खोटे ठरवू नये. दक्षिणेत होनांवर देवप्रतिमा कोरण्याची जुनी परंपरा होती, आणि मद्रासेत कंपनीने स्वतः पाडलेल्या सोन्याच्या होनांवरही विष्णूची प्रतिमा आढळते. तसेच 'रामटंका' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या धार्मिक मुद्रा खरोखरीच्या जुन्या असू शकतात. पण त्या पूजेसाठी होत्या, बाजारहाटासाठी नव्हत्या. रामदरबाराची नवी मुद्रा कोणी मुद्रा म्हणूनच विकली आणि कोणी श्रद्धेने घेतली, तर त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते तिच्यावर कंपनीचे नाव व खोटे साल घालून जुनेपणाचे दाम उकळण्यात.

राम-सीतेची प्रतिमा असलेले अस्सल जुने नाणे पाहण्याची इच्छा असेल तर काशीच ती पुरवू शकते. हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात भारत कला भवन हे संग्रहालय आहे. रायकृष्णदास यांच्या पुढाकाराने १९२० साली सुरू झालेली ही संस्था १९५० साली विश्वविद्यालयात आली. अकबराने आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस, १६०४-०५ च्या सुमारास, धनुर्धारी राम आणि त्यांच्यामागून चालणारी सीता अशी प्रतिमा असलेली नाणी पाडली. आज ती जगात अगदी मोजकीच उरली असून त्यांतील चांदीचा अर्धा रुपया या संग्रहात आहे. जे नाणे जगात मोजकेच आहे, ते रस्त्यावरच्या टोपलीत ढिगाने असणार नाही, एवढा तर्क आपल्यापैकी कोणालाही करता येईल. भारतीय मुद्रा परिषद ही १९१० साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची जुनी संस्थाही याच विश्वविद्यालयाच्या परिसरात आहे. नाण्यांच्या अभ्यासकाला काशी हे असे दुहेरी तीर्थ आहे.

आता खऱ्या, पण स्वस्त नाण्याकडे वळू. त्यासाठी शहराच्या छावणीकडील नदेसर भागाची आठवण काढली पाहिजे. तेथे 'मिंट हाउस' हे स्थलनाम अजून चालू आहे. जेम्स प्रिन्सेप नावाचा विशीतला इंग्रज तरुण १८२० साली बनारसच्या टांकसाळीत धातूची कस-परीक्षा करणारा अधिकारी म्हणून आला. दहा वर्षांत त्याने टांकसाळ तर चालवलीच; शिवाय शहराचा नकाशा तयार केला, शिरगणती केली आणि सांडपाण्याचा निचरा करणारे भुयारही बांधले. १८३० साली येथील टांकसाळ बंद झाल्यावर तो कलकत्त्याच्या टांकसाळीत गेला. अशोकाच्या ब्राह्मी लिपीची अक्षरे १८३७ साली ज्याने वाचली, तोच हा प्रिन्सेप. देशात वजने व नाणी एकसारखी असावीत यासाठीही त्याने आग्रह धरला होता, आणि १८३५ च्या सुधारणेत त्याचा वाटा होता. ज्या नाण्याविषयी आपण बोलणार आहोत तो पाव आणा, म्हणजेच जुना पैसा, याच सुधारणेचे अपत्य होय. चौसष्ट पाव आणे मिळून एक रुपया होई.

१८३५ चा पाव आणा शुद्ध तांब्याच्या रंगाचा, सुमारे २५ मिलिमीटर व्यासाचा असतो. एका बाजूस कंपनीचे राजचिन्ह दिसते: मध्ये ढाल, दोन्ही बाजूंस निशाणे धरलेले दोन सिंह, खाली बोधवाक्याची पट्टी आणि तिच्याखाली साल. दुसऱ्या बाजूस पानांच्या हारामध्ये इंग्रजीत 'वन क्वार्टर आना' हे शब्द आणि कडेने कंपनीचे नाव. एवढे वाचता आले की निम्मी ओळख झाली. मात्र साल १८३५ आहे म्हणून नाणे त्याच वर्षी पाडलेले असेल असे समजू नये. तेच साल कायम ठेवून पुढे कित्येक वर्षे नाणी निघत राहिली. नंतर १८५७ आणि १८५८ या सालांचे पाव आणेही निघाले. १८६२ पासून राजचिन्हाच्या जागी राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा आला, १८७७ पासून तिच्या नावापुढे सम्राज्ञी हे पद लागले, आणि १९०६ साली तांबे जाऊन कासे आले.

कंपनीच्या आधीच्या, फारसी अक्षरांच्या नाण्यांची ओळख याहून कठीण असते. 'मुहम्मदाबाद बनारस' हे टांकसाळीचे नाव वाचता आले म्हणून ते नाणे काशीचेच असे म्हणता येत नाही. लखनौच्या टांकसाळीत पाडलेल्या मासळीच्या चिन्हाच्या 'मच्छलीदार' रुपयांवरही बनारसचेच नाव होते. म्हणून नवशिक्याने प्रारंभ पाव आण्यासारख्या वाचता येण्याजोग्या नाण्यापासून करावा, हे बरे.

ओळख पटल्यावर परीक्षा. आपल्या भाषेत 'पारखी' आणि 'पोतदार' ही आडनावे आहेत. खजिन्यात भरणा होणारे प्रत्येक नाणे खरे की खोटे हे पाहणे पोतदाराचे काम असे. त्या पोतदाराची साधने आज तुमच्या खिशात मावतात: एक भिंग, एक लोहचुंबक आणि ग्रॅमचे अंश दाखवणारा छोटा वजनकाटा.

प्रथम वजन. कायद्याने पाव आण्याचे वजन १०० ग्रेन, म्हणजे सुमारे ६.४८ ग्रॅम ठरवलेले होते. हातोहात फिरून झिजलेले नाणे थोडे हलके भरेल. पण ते जड भरणार नाही. एखादा 'पाव आणा' आठ-नऊ ग्रॅम भरला तर त्याच्या जुनेपणाच्या कथा ऐकत बसू नये. त्यानंतर लोहचुंबक. तांबे, कासे आणि चांदी यांना चुंबक ओढत नाही. ओढले, तर आत लोखंड आहे. परंतु चुंबकाने न ओढणे हा खरेपणाचा पुरावा नव्हे, कारण खोटी मुद्राही तांब्या-पितळेची असू शकते. मग कड पाहावी. या नाण्याची कड गुळगुळीत असते. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर पुष्कळदा दोन अर्धे जोडल्याची बारीक रेघ किंवा ती घासून काढल्याचे कानशीचे ओरखडे सापडतात.

शेवटी भिंग. ठशाखाली दाबून पाडलेल्या नाण्यात अक्षर आणि पृष्ठ यांची सांध रेखीव असते. ओतीव नाण्यात ती साबणाच्या वडीवरील अक्षरांसारखी बोथट दिसते आणि पृष्ठावर बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे असतात. झीज कोठे आहे तेही पाहावे. खऱ्या वापराने उंच भाग आधी झिजतात: सिंहांची आयाळ पुसट होते, पण खोलगट जागी बारीक रेषा टिकून राहतात. मुद्दाम काळवंडवलेल्या नाण्यावर काळिमा सर्वत्र सारखी फासलेली असते, आणि ज्या उंच जागा बोटांनी घासून उजळायला हव्यात, त्याही काळ्याच राहतात.

काशीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गंगेला पैसा वाहण्याची चाल पुरातन आहे. दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडणारी मुले तुम्ही घाटावर वा पुलावर पाहिली असतील. त्यांच्या चुंबकाला लागतात ती आजची पोलादी नाणी; जुना तांब्याचा पैसा गाळातच राहतो आणि कधीतरी बुडी मारणाऱ्याच्या हाती येतो. असे नाणे खरे असते, पण वर्षानुवर्षे पाण्यात राहून त्याचे पृष्ठ खवल्यांसारखे खाल्लेले असते. त्याला भाविकाच्या दृष्टीने मोल असेल; संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत कमी होते.

आणि गृहिणींना एक विनंती. ठठेरी बाजारातून आणलेला तांब्याचा तांब्या चिंचेने किंवा लिंबाने घासून लख्ख करावा, तो त्याचा धर्म आहे. नाण्याला मात्र चिंच, लिंबू, राख यांपैकी काहीही लावू नये. तांब्यावर शंभर-दीडशे वर्षांत चढलेला तपकिरी थर हे त्याचे चिलखत आहे आणि त्याच्या वयाची साक्षही. तो एकदा गेला की परत आणता येत नाही, आणि लख्ख झालेल्या नाण्याची किंमत उतरते. विक्रेत्याकडचे जुने नाणे नव्या दमडीसारखे चमकत असेल, तर ते नवे तरी आहे किंवा घासलेले तरी आहे.

आता किमतीचा प्रश्न. जुने म्हणजे महाग, ही आपल्या मनात खोल रुजलेली समजूत आहे आणि बहुतेक फसवणूक तिच्याच आधाराने होते. वस्तुतः वयाचा किमतीशी संबंध फार थोडा असतो. दोन हजार वर्षांपूर्वीची कित्येक तांब्याची नाणी आजही स्वस्त मिळतात, आणि एखादे सत्तर वर्षांपूर्वीचे दुर्मीळ नाणे त्यांच्या कित्येक पट किंमत आणते. किंमत ठरवणाऱ्या गोष्टी तीन: तशी नाणी किती उरली आहेत, ती किती जणांना हवी आहेत आणि तुमच्या हातातील नाणे किती जपलेले आहे. १८३५ चा पाव आणा प्रचंड संख्येने पाडला गेला, देशभर वापरला गेला आणि घरोघरी डब्यांत पडून राहिला. म्हणून तो विपुल आहे. त्यातील साडेसहा ग्रॅम तांब्याचे मोल चहाच्या एका पेल्याहून फारसे अधिक नाही. झिजलेला, पण सर्व अक्षरे वाचता येणारा असा पाव आणा आज साधारणपणे शंभर-दोनशे रुपयांच्या घरात मिळू शकतो. सिंहांची आयाळ आणि पट्टीवरील बोधवाक्याची बारीक अक्षरे ठसठशीत असतील तर अधिक द्यायला हरकत नाही. भोक पाडलेले, गळ्यात घालण्यासाठी कडी डाखलेले, घासलेले किंवा नदीने खाल्लेले असेल तर निम्म्याहूनही कमी द्यावे.

चांदीच्या रुपयाचा हिशेब थोडा वेगळा आहे. १८३५ चा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा असे. त्यामुळे चांदीच्या त्या दिवसाच्या भावाखाली त्याची किंमत जात नाही. याच कारणाने त्याच्या नकलाही भरपूर होतात. तो सराफाकडे कसास लावून व तोलूनच घ्यावा.

भाव विचारताना एक नियम पाळावा. विक्रेता काय मागतो याला महत्त्व नाही. तशाच नाण्याला गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष काय मिळाले, याला आहे. परवानाधारक लिलावगृहे आपल्या लिलावांतील अंतिम बोली प्रसिद्ध करतात, नाणेसंग्राहकांच्या मंडळांची प्रदर्शने बहुतेक मोठ्या शहरांत भरतात, आणि सूचीग्रंथ ग्रंथालयांत मिळतात. दोन-तीन ठिकाणी विचारावे, मग खिशात हात घालावा. ज्याला आपले नाणे खरे आहे याची खात्री असते, तो भिंग काढू देतो, वजन करू देतो आणि पावतीवर नाण्याचे वर्णन लिहून देतो. घाई करणारा विक्रेता दिसला की तुम्ही घाई करू नये.

कायद्याचीही ओळख असलेली बरी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातलगांना भेट म्हणून पाव आणा देण्याचा मोह म्हणूनच आवरावा. "खोदकामात हंडा सापडला" असे सांगून कोणी नाणी देऊ लागला तर सरळ पुढे चालावे. भूमिगत ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्यानेच घातलेले आहे.

नाण्यांच्या नावाखाली होणारी मोठी फसवणूक मात्र रस्त्यावर होत नाही. ती दूरध्वनीवर होते. "तुमच्याकडचा जुना पैसा लाखो रुपयांना घेतो, आधी नोंदणीचे शुल्क आणि कर भरा," असे सांगणाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचेही नाव वापरले. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर केले की ती असा कोणताही व्यवहार करत नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. दुसरा प्रकार तांदळाचे दाणे ओढून घेणाऱ्या 'चमत्कारी' तांब्याच्या नाण्याचा. अशा नाण्याला अंतराळ संस्था कोट्यवधी रुपये देते, अशी थाप मारून कित्येकांच्या आयुष्याच्या ठेवी लुबाडल्या गेल्या, आणि अनेक राज्यांत पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या. तांबे लोखंडाला ओढत नाही, ते तांदळाला काय ओढणार? शाळेतल्या मुलालाही ठाऊक असलेली ही गोष्ट लोभाच्या क्षणी मोठ्यांना आठवत नाही, एवढेच.

हा सारा विचार तुम्हाला आपल्या घरच्या डब्यालाही लावता येईल. मराठी घरांतील आजीच्या पेटीत तांब्याची शिवराई निघते. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे वाचून मन भरून येते. पण शिवराई महाराजांच्या काळानंतरही दीर्घकाळ, पार एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडली जात होती. आज आढळणाऱ्या बहुतेक शिवराया त्या नंतरच्या काळातील आहेत. महाराजांच्या नावाने अवास्तव किंमत मागणाऱ्याला हे नम्रपणे सांगावे, आणि घरची शिवराई मात्र विकण्याचा विचारही न करता जपावी.

मुलांना या छंदाची गोडी लावायची असेल तर प्रारंभ याहूनही सोपा करता येईल. दुसऱ्या महायुद्धात धातूच्या टंचाईमुळे १९४३ पासून निघालेला भोकाचा पैसा, १९५० सालचा घोड्याचा पैसा आणि १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आल्यावर निघालेला नया पैसा, ही तीन नाणी ओळीने मांडली की साम्राज्याच्या अखेरीपासून प्रजासत्ताकाच्या उभारणीपर्यंतचा प्रवास मुलाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. तिन्हींचा खर्च एखाद्या साध्या भोजनाइतका.

काशीत अनमोल नाणे संग्रहालयात आहे, खोटे नाणे रस्त्यावर आहे, आणि खरे पण स्वस्त नाणे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी तुमची वाट पाहत आहे. त्यातून श्रीमंती येणार नाही. परंतु आधी ओळख, मग परीक्षा, मग किंमत आणि सर्वांत शेवटी पैसे, हा क्रम पाळून घेतलेला पाव आणा जेव्हा तुम्ही मुलाच्या हातावर ठेवाल, तेव्हा त्याच्याविषयी जे जे सांगाल ते सारे खरे असेल.